यंत्र क्रमांक सतरा

अनगोळ, बेळगाव
मंगळवार, २ सप्टेंबर

चि. भूपाल,

काल, सोमवार, दिनांक १ सप्टेंबर रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, तू ज्याचा अध्यक्ष आहेस त्या बोरमाळ उपसा पाणीपुरवठा संस्थेच्या फळ्यावर खडूनं पुढील मजकूर लिहिला गेला : ‘फितूर. गट चार, यंत्र क्रमांक सतरा. जमीन ब्राह्मी मगदूम, कसणार मंगल परशराम. पाणी बंद.’

वेळ मला कशी कळली असं विचारशील. फळ्याचा फोटो तुझ्या सुनेनं, दिव्यानं, मला पाठवला आणि फोटोवर वेळ असते. तिला रागावू नकोस. घरात एकीला तरी लाज वाटली, हे बरंच आहे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला तक्रार लिहायला शिकवली ती अशी : आधी तारीख, मग वेळ, मग काय घडलं ते, आणि रडगाणं सगळ्यात शेवटी, तेही कागदावर जागा उरली तर. मी जागा उरू देणार नाही.

चौसष्ट वर्षांत लोक मला शिष्ट म्हणाले, तोंडाळ म्हणाले, ‘हिचं लग्न का झालं नाही ते कळलं’ असंही म्हणाले. फितूर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. हा शब्द कुणाच्या डोक्यातून निघाला ते मला हवं आहे, नावासकट.

यंत्रातलं मला काही कळत नाही या भ्रमात राहू नकोस. मी एकोणचाळीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. तुमच्या त्या हातभर लांबीच्या कांड्या शेतात पुरल्या आहेत. त्या जमिनीतली ओल मोजतात, तारेशिवाय एकमेकींना सांगतात, सांगत सांगत निरोप पंपघरावरच्या टॉवरपर्यंत पोचतो, आणि ज्याचं रान कोरडं त्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. पाण्याच्या पाळीवरून बांधाबांधाला होणारी भांडणं मिटावीत म्हणून हे आणलं, असं मार्चमध्ये तूच मला सांगितलं होतंस. भांडणं मिटली खरी. आता भांडायच्या आतच निकाल लागतो.

मंगलला मी याबद्दल एका शब्दानं विचारलेलं नाही. विचारायची गरजच नव्हती. एकोणीस वर्षं ती माझं रान अर्धलीनं कसते. वांग्याचं एक रोप चुकून बांधापलीकडे लागलं, तर त्याची वांगी पदरात घालून आण्णाप्पाच्या घरी नेऊन देणारी बाई आहे ती. ती पाण्यासाठी यंत्राशी खेळेल?

तंबाखू लावून तिला आज नऊ दिवस झाले. पाऊस नाही. त्या कोवळ्या रोपांना आठवडाभर पाणी मिळालं नाही तर काय होतं, हे तुला मी सांगायला नको. पाणी आधी सुरू कर, चौकशी मग.

उत्तर लेखी दे. फोन करू नकोस. फोनवर तू ‘व्हय, व्हय’ म्हणतोस आणि ठेवल्यावर तुझं तुलाच आठवत नाही कशाला व्हय म्हणालास. वृषभचा भाजीचा टेंपो रोज पहाटे बेळगावच्या मार्केटला येतो, हे पत्र त्याच्याच हाती पाठवते आहे. उत्तरही त्याच्याच हाती पाठव. आणि त्याला सांग, पाकीट चिकटवलेलं असतं ते उघडू नये म्हणून.

तुझी,
ब्राह्मीआक्का


बोरमाळ, ता. निपाणी
बुधवार, ३ सप्टेंबर

आक्का, जय जिनेंद्र.

पत्र मिळालं. वृषभनं दिलं आणि उभाच राहिला. ‘अण्णा, काय लिवलंय?’ म्हणाला. म्हटलं, तुझं नाव न्हाय. मग गेला.

आधी तुझ्या शब्दाचं सांगतो. कंपनीची तेजस्वी म्हणून इंजिनियर पोरगी आहे, तुमच्या बेळगावचीच. हुशार आहे, पण मराठी बोलताना मधूनच इंग्रजीत शिरते. बिघडवलेल्या यंत्राला ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, फळ्यावर मराठीत काय लिवू? आण्णाप्पा शेजारी होता. तो म्हणाला, आपल्यातलाच असून पलीकडच्याला सामील झालेला म्हणजे फितूर की. मलाही शब्द पटला. यंत्राला म्हटलंय, आक्का, तुला न्हाय. पण खाली तुझं नाव आलं, ते लिवायला नको होतं, हे मान्य.

आता झालं काय ते ऐक. ऑगस्टच्या वीस तारखेला ओढ्याकडेचं नऊ नंबरचं यंत्र कुणीतरी उपटून नेलं. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक गुप्त शब्द असतोय, त्याला किल्ली म्हणतात. ती किल्ली असलेल्याचंच बोलणं बाकीची यंत्रं ऐकून घेतात. आपल्या गटात पाच यंत्रं आणि पाचांची किल्ली एकच. चोरानं नऊ नंबर फोडून किल्ली काढली तर तो बाहेर बसून आपल्यातलाच असल्यागत बोलणार. त्यासाठी एक नियम आहे. शेजारच्या तीन यंत्रांनी ‘ह्याचं बोलणं जुळत न्हाय’ असं टॉवरला कळवलं, तर ते यंत्र गटाबाहेर आणि त्याचा व्हॉल्व्ह बंद. आपोआप. मी किंवा आण्णाप्पानं काय केलेलं न्हाय.

सोमवारी माझं, वृषभचं आणि आण्णाप्पाचं, तिन्ही यंत्रांनी सतराविरुद्ध कळवलं. तिघांची साक्ष आहे, आक्का, आणि यंत्राला काय कुणाशी वैर असतंय?

आणखी एक. तुला वाईट वाटेल म्हणून लिवणार नव्हतो. शनिवारी मंगल ते यंत्र उकरून पदराखाली झाकून नेताना आण्णाप्पाच्या बायकोनं बघितलंय. झाकून, आक्का. सरळ कामाला कोण झाकून नेतंय?

चोरीची तू काळजी करू नकोस. गट चारच्या सगळ्या किल्ल्या बदलून घ्यायचं ठरलं होतं, ते काम रजिस्टरला माझ्या सहीनं पूर्ण झालेलं आहे. मंगलची चौकशी पर्व संपल्यावर, रविवारनंतर ठेवू. दशलक्षणाचे दिवस आहेत, माझे उपवास चालू आहेत, या दिवसांत कुणाला बोलणं नको वाटतं.

तब्येत सांभाळ. दिव्याला रागावलो न्हाय.

तुझा,
भूपाल


बोरमाळ
बुधवार, ३ सप्टेंबर

ब्राह्मीबाईंस,
मंगलचा नमस्कार.

बाई, सोमवारी संध्याकाळी पावणेसातला तुमचा फोन आलता. तुमी इचारलासा, ‘मंगल, खरं सांग, यंत्राला काय केलंस काय?’ मी काय न बोलता फोन ठिवला. राग आला म्हणून न्हाय. रडू आलतं. तुमाला रडलेलं खपत न्हाय, म्हणून ठिवला.

आता लिवून सांगते. लिवलेलं तुमी वाचतासा.

संस्थेचा निरोप आलता, शुक्रवार ते रविवार आपापलं यंत्र उकरून पंपघरात आणा, किल्ली बदलायची हाय. मी शनवारी सकाळी उकरलं. तापू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पदराखाली धरून नेलं. पंपघरात कंपनीचा माणूस एकटाच पेपर वाचत बसलाता. म्हणाला, ‘आलीस व्हय? तू पयलीच.’ वायर लावली, पाच मिनटात परत दिलं, माझी सही घेतली. मी सातवी शिकलीय, सही करते, अंगठा न्हाय. घरला येऊन जिथलं तिथं पुरलं. सोमवारी माझं नाव फळ्यावर.

सगळा गाव वाचून गेला. आण्णाप्पाअण्णांची बायको पाणंदीत भेटली तर बाजूला झाली. रोज बोलत होती.

आणि एक नवल बघा. आण्णाप्पाअण्णांच्या रानात दोन दिवस पाणी तुंबलंय. बेडकं वरडत्यात. तरी त्यांच्या व्हॉल्व्हातनं पाणी येतच हाय. आणि माझ्या रोपांनी माना टाकल्यात. काल मी आणि मालक घागरीनं पाणी घालत होतो, दोन ओळी भिजवून कंबर धरली.

बाई, ह्या पिकापुरतं करते. दसऱ्याला रान सोडते. तुमी दुसरं कुणी बघा. रागानं म्हणत न्हाय. एकोणीस वर्सं लई झाली.

तुमची,
मंगल परशराम


अनगोळ
शुक्रवार, ५ सप्टेंबर

भूपाल,

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. मंगलचंही मिळालं. तिच्या पत्रातलं तुला सांगण्यासारखं तेवढंच सांगते, बाकीचं माझ्या आणि तिच्यातलं आहे.

शनिवारी तिनं यंत्र उकरलं, कारण संस्थेनं उकरायला सांगितलं होतं. पदराखाली झाकलं, कारण ऊन होतं. पंपघरात नेलं, किल्ली बदलून घेतली, सही केली. आण्णाप्पाच्या बायकोनं पदर पाहिला, पुढची वाट पाहिली नाही. तिला विचार, त्याच वाटेनं आणखी किती जण यंत्र घेऊन गेले? मला उत्तर माहीत आहे. कंपनीच्या माणसानं मंगलला सांगितलं, ‘तू पहिलीच.’

पहिली. आणि तुझ्या रजिस्टरात काम पूर्ण.

मी कालची दुपारभर तुझं पत्र पुढ्यात घेऊन बसले होते. दशलक्षण पर्व सुरू झालं गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला. किल्ली बदलायचे दिवस शुक्रवार ते रविवार. भूपाल, तू पर्वात कुदळ हातात धरतोस? मी तुला तुझ्या बारशापासून ओळखते. तू गाजर खात नाहीस, कारण ते जमिनीखालून येतं. पर्वाच्या दहा दिवसांत मातीतला किडा मरू नये म्हणून तुमच्या घरात परसातलं तणसुद्धा कुणी उपटत नाही. वृषभचंही घर तसंच, आण्णाप्पाचं तर त्याहून कडक. तेव्हा सरळ सांग. तुम्ही तिघांनी यंत्रं उकरली का? उकरली नसतील, तर सही कशाची केलीस?

आता मी तुला सांगते काय झालं ते, मी चुकत असेन तिथे तू फक्त दुरुस्त कर.

आमच्या एक्सचेंजमध्ये, ट्रंक कॉलच्या काळात, पलीकडच्या गावच्या ऑपरेटरला ओळख पटवायला परवलीचा शब्द असायचा. तो ठरलेल्या दिवशी दोन्हीकडे बदलायचा. एका सोमवारी पलीकडे कुणी तो बदललाच नाही. मी नवा शब्द सांगत होते, बरोबर सांगत होते, आणि तिकडून एकामागून एक तिघी मला विचारत होत्या, ‘आपण कोण?’ दोन तास मी परकी होते. आणि जुना शब्द ज्याला ठाऊक असेल असा कुणीही भामटा त्या दोन तासांत घरचा होता.

तुमच्या गटात हेच झालं. मंगलच्या यंत्राला नवी किल्ली मिळाली, तुमच्या तिघांकडे जुनीच राहिली. तिचं बोलणं तुमच्या यंत्रांना कळेना. तिघांनी मिळून टॉवरला कळवलं, ‘हिचं जुळत नाही.’ न जुळणारी ती एकटी होती, कारण सांगितलेलं ऐकणारी ती एकटी होती.

आणि चोरीला गेलेला नऊ नंबर? त्याच्याकडे जुनी किल्ली आहे. तुमच्या तिघांशी त्याचं छान जुळतंय. आण्णाप्पाच्या शेतात पाणी तुंबलंय, बेडूक ओरडताहेत, आणि तरी त्याचा व्हॉल्व्ह उघडा आहे, म्हणजे ‘रान कोरडं’ असं त्याच्या यंत्राच्या नावानं कुणीतरी टॉवरला सांगतंय. ते यंत्र सांगत नसणार. ते चिखलात उभं आहे. जाऊन बघ. पर्वात बघायला बंदी नाही.

पर्व पाळू नकोस असं मी म्हणत नाही. मीही पाळते. त्या इंजिनियर मुलीला एवढंच सांगायचं होतंस की बाई, या दहा दिवसांत आमच्यात जमीन उकरत नाहीत, पुढची तारीख दे. तिनं दिली असती. ते सांगायचा संकोच झाला, आणि खोटी सही करायचा झाला नाही. किड्यामुंग्यांना जपलंस, आणि मंगलचं नाव गावच्या चौकात टाकलंस.

तेजस्वीचा नंबर मी दिव्याकडून घेतला आहे. उद्या शनिवारी दुपारी बारापर्यंत तू स्वतः तिला सगळं सांग. बारा वाजून एक मिनिटानं मी सांगेन, आणि माझी सांगण्याची पद्धत तुला ठाऊक आहे.

ब्राह्मी

ता. क. वृषभ, पाकीट उघडून वाचत असशील तर उत्तम. तुझंही नाव आहे.


बोरमाळ
रविवार, ७ सप्टेंबर

आक्का, जय जिनेंद्र.

तुझं खरं आहे. सगळं. कुठंच दुरुस्त करायला जागा ठेवली न्हाईस.

वृषभनं पत्र दिलं ते मान खाली घालून. मी वाचलं आणि अर्धा तास तसाच बस्तीत, देवळाच्या कट्ट्यावर बसलो. मी गुरुवारी, पर्व लागायच्या दिवशीच, रजिस्टरवर चारही नावांपुढं सही करून ठेवली होती. मनात म्हटलं, अनंत चतुर्दशी झाली की उकरून घेऊ, दहा दिवसांनी काय बिघडतंय. मंगल सांगितल्यासारखी जाऊन येईल हे डोक्यातच आलं न्हाय. तुला लिवताना मला शंका आली होती, आक्का, पण सही केली होती ना. एकदा सही केली की माणूस तिच्या बाजूनंच बोलतंय.

शनिवारी साडेदहाला तेजस्वीला फोन केला. ती अडीच वाजता गाडी घेऊन हजर. पंपघरात सगळ्यांसमोर सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

‘अध्यक्ष, मला एकदा सांगायचं की! मी तारीख बदलली असती.’

आण्णाप्पा म्हणाला, ‘तू विचारलं न्हाईस, बाई.’

‘मी विचारलं होतं, “चालेल ना?” तुम्ही तिघंही “व्हय” म्हणालात!’

‘आमच्यात व्हय म्हणजे ऐकलं म्हणायचं,’ आण्णाप्पा म्हणाला. ती पोरगी हसली, मग मला पण हसू आलं, आणि मग हसायचं न्हवतं हे ध्यानात आलं.

मग ती आण्णाप्पाच्या रानात गेली. बूट हातात घेऊन गुडघाभर चिखलात. तू लिवलंस तसंच निघालं. नऊ नंबर कुणीतरी फोडलंय आणि आण्णाप्पाच्या यंत्राचं नाव घेऊन ते ‘कोरडं, कोरडं’ म्हणत होतं. आणि आमची यंत्रं त्याचा निरोप मुकाट पुढं पोचवत होती. तिनं बाहेरूनच आमची तिन्ही यंत्रं टॉवरवरून गप्प केली आणि व्हॉल्व्ह हातानं चालवायला लावले, पहिल्यासारखे. मंगलचा व्हॉल्व्ह मी स्वतः उघडला. शनिवारी, चार वाजून वीस मिनिटं. तुझ्यासाठी घड्याळ बघून ठेवलं.

पाणी सरीतनं पुढं जाईपर्यंत आम्ही सगळे बांधावर उभे होतो. आज सकाळी बघितलं. कडेच्या पाच-सहा ओळी गेल्या. बाकीची रोपं उभी आहेत, आक्का. पानं ताठ झालीत. मला वाटलं होतं सगळं गेलं. घरी येऊन मी पारणं केलं ते पहिला घास गोड लागला म्हणून दोनदा वाढून घेतलं.

आण्णाप्पा शनिवारीच म्हणत होता, मंगलकडनं उकरून घेऊ आपली यंत्रं, तिला पर्व न्हाय. त्याची बायको मागून ओरडली, ‘सोता करायचं न्हाय आणि दुसऱ्याकडनं करवायचं पण न्हाय. आणि कुठल्या तोंडानं सांगतासा तिला?’ मग त्यानं तो विषय सोडला. आज पर्व सरलं. पहाटेच आम्ही तिघांनी कुदळी घेतल्या आणि सात वाजता यंत्रं घेऊन पंपघरात रांगेला उभे. तेजस्वीनं आता प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली दिलीय. एक गेलं तर बाकीच्यांना धोका न्हाय. नव्या किल्ल्या लागल्यावर व्हॉल्व्ह परत आपोआप चालायला लागले, आणि आण्णाप्पाचा बंदच राहिला. बेडकांनी पण सुस्कारा टाकला असेल.

नऊ नंबर कुठं आहे, कुणाकडं आहे, ते कळलेलं न्हाय. चौकीत अर्ज दिलाय. तेजस्वी म्हणाली, ‘असू दे कुठंही. आता रात्रंदिवस बडबडलं तरी त्याचं ऐकणारं कुणी नाही.’ मला लई बरं वाटलं ते ऐकून. आणि नियम बदललाय. तीन यंत्रांनी कळवलं तरी कुणाला बाहेर काढायचं न्हाय. आधी माणसानं रानात जाऊन बघायचं, त्या माणसाला विचारायचं, मगच.

फळा मी माझ्या हातानं पुसला आणि ‘सतरा नंबरचं काम चोख होतं, चूक अध्यक्षांची’ असं लिवलं, खाली सही केली. ही सही खरी आहे.

एक गोष्ट मात्र मला उमगली न्हाय. काल पाणी सोडल्यावर मी मंगलपुढं हात जोडले. ती म्हणाली, ‘अण्णा, तुमचं एवढं न्हाय. तुमी मला कुठं वळखतासा? वळखणाऱ्यांनी इचारलं, त्याचं लागतंय.’ एवढं बोलून सरी बघायला गेली. दसऱ्याला रान सोडणार म्हणते. तू तर तिला एका शब्दानं विचारलं न्हवतंस. मग कुणाबद्दल म्हणत होती? आण्णाप्पाच्या बायकोबद्दल असेल. तिला उद्या क्षमावाणीला मंगलच्या घरी पाठवतो.

तुझा,
भूपाल


अनगोळ
सोमवार, ८ सप्टेंबर

मंगल,

हे पत्र वृषभ तुझ्या हातात देईल. पाकिटाला मी चारी बाजूंनी डिंक लावला आहे.

सोमवार, १ सप्टेंबर, संध्याकाळी पावणेसात. तू लिहिलेली वेळ बरोबर आहे, मी माझ्या फोनमध्ये तपासली. त्या वेळी मी तुला विचारलं, ‘खरं सांग.’ म्हणजे तू खोटंही सांगू शकतेस असं मला त्या क्षणी वाटलं. फळ्याचा फोटो पाहिला, त्यावर माझं नाव पाहिलं, आणि माझं नाव का आलं याचा राग मी तुझ्यावर काढला. नंतर रात्रभर बसून भूपालला पत्र लिहिलं, त्यात बजावून सांगितलं की मंगलला मी एका शब्दानंही विचारलं नाही. ते खोटं आहे. त्यानं रजिस्टरात खोटी सही केली म्हणून मी त्याला किती बोलले, ते गावभर झालं असेल. माझं खोटं त्याला लिहिलेल्या पत्राच्या घडीत होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही. आज सकाळी मी त्याला खरं काय ते लिहून पाठवलं आहे. आण्णाप्पाची बायको आज तुझ्याकडे क्षमा मागायला आली असेल. तिची ती मागू दे. तू बांधावर जे बोललीस ते तिच्याबद्दल नव्हतं, हे मी भूपालला कळवलं आहे.

तीन यंत्रांनी तुझ्याविरुद्ध सांगितलं. चौथी मी. त्या यंत्रांकडे निदान तुझं बोलणं कळायला लागणारी किल्ली नव्हती. माझ्याकडे एकोणीस वर्षं होती.

आज आमची क्षमावाणी आहे. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलेल्यांची आज आमच्यात हात जोडून क्षमा मागतात. सकाळपासून मला फोनवर एक्केचाळीस निरोप आले आहेत, सगळे एकसारखे, दिवा आणि कमळाचं चित्र असलेले. तसला निरोप मी तुला पाठवणार नव्हते. सगळ्यांची सरसकट मागितलेली क्षमा कुणाच्याच दारात पोचत नाही, असं माझं मत आहे. आणि मी अजाणता काही केलेलं नाही. जाणून विचारलं, जाणून लपवलं. तेव्हा तुझी, तुझ्या एकटीची, ह्या दोन गोष्टींबद्दल क्षमा मागते.

रोपं उभी राहिली हे भूपालच्या पत्रात वाचलं तेव्हा मी चहाचा कप तसाच ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. शेजारच्या माधवीबाईंनी विचारलं, ‘बरं वाटत नाही का?’ मी म्हटलं, फार बरं वाटतंय. आठ दिवसांत पहिल्यांदाच छातीवरचं काहीतरी खाली उतरलं होतं. पण रोपं वाचली म्हणून तुझं माझं मिटलं असं मी धरून चाललेली नाही. रोपांना पाणी पुरतं.

रान सोडायचं की नाही ते तू ठरव. मी आग्रह करणार नाही, कारण जमीन माझी आहे आणि जमीनवालीचा आग्रह हा हुकुमासारखा ऐकू येतो. तू सोडलंस तर दुसरं कुणी मी बघणार नाही. पडीक टाकीन. ही धमकी नाही. माझ्या वयात नव्या माणसाशी एकोणीस वर्षं काढणं जमायचं नाही, एवढाच हिशेब आहे.

सोबत कोरा कागद आणि माझा पत्ता घातलेलं पाकीट जोडलं आहे. उत्तर लेखी हवं. फोन केलास तर मी उचलणार नाही, कारण फोनवर मी पुन्हा काहीतरी विचारीन. क्षमा केली असेल तर तसं लिही. केली नसेल तर ‘नाही’ लिही, आणि का नाही तेही लिही, शब्द मऊ करू नकोस. तुझ्या मालकांकडून लिहून घेऊ नकोस. अक्षर तुझं पाहिजे.

मुदत शुक्रवार, १२ सप्टेंबर, दुपारी बारा. तोवर उत्तर हातात पडलं नाही, तर शनिवारच्या पहिल्या गाडीनं मी निपाणीला उतरेन, तिथून रिक्षानं तुझ्या बांधावर येईन आणि तू लिहीपर्यंत तिथेच बसेन. मला ऊन सोसत नाही हे तुला चांगलं माहीत आहे.

तुझी,
ब्राह्मी मगदूम